शीख समाजातील वर्ण आणि वंशविषयक दृष्टिकोन

त्वचेचा रंग, वंश, प्रांत आणि त्यांना चिकटून येणारी जात यांकडे शीख धर्मीय कसे पाहत आले आहेत, हा या लेखाचा विषय आहे. तत्त्वाच्या पातळीवर शीख पंथाने हा प्रश्न आरंभीच निकालात काढला आहे. सर्व माणसांची जात एकच, हा दहाव्या गुरूंच्या शिकवणीचा गाभा मानला जातो. संगत आणि पंगत या दोन्ही संस्था त्याच पायावर उभ्या आहेत. व्यवहारात मात्र रंग आणि कुळ यांचा विचार टिकून राहिला. तो गुरुद्वाऱ्याच्या सभागृहात फारसा दिसत नाही. लग्न जुळवताना, आणि 'खरा शीख कोण' या चर्चेत दिसतो. या प्रश्नाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. संत नामदेवांची पदे, नांदेडचे दखनी शीख, १९३६ सालची धर्मांतराची चर्चा आणि मुंबई उपनगरांतील फाळणीनंतरची शीख वस्ती हे सारे त्यात येते.

'वर्ण' आणि 'रंग'

मराठीत 'वर्ण' या एकाच शब्दाने त्वचेचा रंग आणि चातुर्वर्ण्यातील स्थान हे दोन्ही अर्थ सांगितले जातात. त्यामुळे 'वर्णभेद' म्हटल्यावर कोणता भेद अभिप्रेत आहे, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. पंजाबीत रंगासाठी 'रंग' हाच शब्द रूढ आहे, आणि माणसाचे वर्णन करताना गोरा, सावळा, काळा यांबरोबर गव्हाच्या रंगावरून बनलेले विशेषण वापरले जाते. मराठी मुलीच्या परिचयपत्रात 'गहूवर्णीय' किंवा 'गव्हाळ' असे लिहितात, त्याच जातीचे हे विशेषण आहे. गहू पिकवणाऱ्या आणि खाणाऱ्या प्रदेशाने मधल्या रंगाला गव्हाची उपमा द्यावी हे साहजिकच होय. मात्र परिचयपत्रात हा शब्द बहुधा 'सावळा' म्हणणे टाळण्यासाठी येतो, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

गुरू ग्रंथ साहिबात 'रंग' हा शब्द वारंवार येतो, पण तो कातडीचा रंग नव्हे. तेथे तो कापड रंगवण्याच्या कामातून आलेला आहे. कुसुंब्याचा, म्हणजे करडईच्या फुलांचा, लाल रंग पाहताक्षणी मोहवतो आणि लवकर विटतो. मंजिष्ठेचा रंग पक्का बसतो. संसाराची ओढ ही कुसुंब्यासारखी आणि नामाची ओढ मंजिष्ठेसारखी, असे हे रूपक आहे. गुरू नानकांच्या वाणीत तीर्थकाठी उभ्या असलेल्या बगळ्याचाही दाखला येतो. त्याची पिसे पांढरीशुभ्र असली तरी तो जीव मारून खातो, म्हणून त्याला शुभ्र कसे म्हणावे, असा त्याचा आशय आहे. बाहेरच्या रंगावरून आतल्या माणसाची किंमत ठरवू नये, ही शिकवण त्यातून स्पष्टच निघते.

तरीही भाषेची जुनी सवय ग्रंथालाही सुटलेली नाही. बेअब्रू झालेल्याचे तोंड 'काळे' आणि सन्मान मिळालेल्याचे मुख 'उजळ' होते, हा वाक्प्रयोग तेथेही आहे. मराठीतले 'तोंड काळे करणे' आणि 'उजळ माथ्याने फिरणे' हे त्याचेच भाऊबंद. यातून रंगद्वेष सिद्ध होत नाही; पण काळा म्हणजे वाईट हे समीकरण धर्मतत्त्वाहून जुने आणि अधिक खोल रुजलेले आहे, एवढे यावरून दिसते.

धर्मतत्त्व आणि आचार

आदिग्रंथाचे संकलन पाचवे गुरू अर्जनदेव यांनी १६०४ साली पूर्ण केले. त्यात गुरूंच्या वाणीबरोबर विणकर कबीर, चर्मकार रविदास, शिंपी नामदेव आणि मुसलमान सूफी शेख फरीद यांच्या रचना समाविष्ट आहेत. मस्तक टेकण्याच्या ग्रंथात या सर्वांच्या वाणीला एकाच आसनावर जागा मिळाली, हे त्या काळाच्या मानाने धाडसाचे होते. अमृतसरच्या हरिमंदिर साहिबाला चार दिशांना चार दरवाजे आहेत. ते चारही वर्णांसाठी खुले असल्याचे मानले जाते.

१६९९ च्या वैशाखीला आनंदपूर येथे गुरू गोविंदसिंगांनी खालसा पंथाची स्थापना केली. त्या वेळी शिर देण्यास पुढे आलेले 'पंज प्यारे' परंपरेनुसार पाच वेगवेगळ्या ठिकाणांचे आणि जातींचे होते : लाहोरचे दयाराम खत्री, हस्तिनापूरचे धरमदास जट, जगन्नाथपुरीचे हिंमतराय पाणक्या, द्वारकेचे मोहकमचंद छिंपी आणि बिदरचे साहिबचंद नाभिक. पाचांपैकी तिघे पंजाबबाहेरचे किनारपट्टीचे वा दख्खनचे होते, ही गोष्ट सहसा कोणी अधोरेखित करत नाही. बिदर तर मराठवाड्याच्या सीमेला लागूनच आहे. शीख म्हणजे पंजाबी, आणि पंजाबी म्हणजे उंच व गोरा, हे समीकरण पंथाच्या स्थापनेच्या कथेतच बसत नाही.

पुरुषांनी 'सिंग' आणि स्त्रियांनी 'कौर' हे नाव लावावे, हा संकेतही आडनावातून जात कळू नये यासाठी उपयोगी पडला. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९४५ साली मान्य केलेल्या 'शीख रहत मर्यादा' या आचारसंहितेत शीख मुला-मुलींचे विवाह जातगोत न पाहता व्हावेत असे सांगितले आहे.

प्रसादाचा वाद, १९२०

या तत्त्वाला धक्का बसल्याचे सर्वांत ठळक उदाहरण अमृतसरचेच आहे. मेहतर समाजातून शीख झालेल्यांना 'मजहबी' आणि चर्मकार-विणकर समाजातून आलेल्यांना 'रामदासिया' म्हणतात. अमृतपान केल्यानंतरही त्यांच्या हातचा कडाह प्रसाद हरिमंदिराचे पुजारी स्वीकारत नसत. १२ ऑक्टोबर १९२० रोजी खालसा बिरादरी या सुधारक संघटनेने नव्याने अमृत घेतलेल्यांचा जथा प्रसाद घेऊन दरबारात नेला. पुजाऱ्यांनी नकार दिला. अखेर ग्रंथ उघडून जे पद येईल ते मानायचे असे ठरले. आलेल्या पदाचा कौल जथ्याच्या बाजूने लागला आणि प्रसाद स्वीकारला गेला. तेथून जथा अकाल तख्ताकडे गेला, तेव्हा तेथील पुजारी निघून गेलेले होते. रिकामे तख्त सुधारकांच्या ताब्यात आले. पुढच्याच महिन्यात, १५ नोव्हेंबर १९२० रोजी, शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीची स्थापना झाली.

म्हणजे शिखांची सर्वांत प्रबळ प्रातिनिधिक संस्था ज्या घटनाक्रमातून जन्मली, त्याची ठिणगी अस्पृश्यांच्या हातचा प्रसाद घ्यावा की नाही या प्रश्नावर पडली होती. याच संस्थेने पुढे मुंबईत एक महाविद्यालय उभारले, त्याचा उल्लेख पुढे येईल.

वसाहतकाळ : 'लढवय्ये वंश' आणि 'गोरा माणूस'

जातीच्या या जुन्या उतरंडीवर इंग्रजांनी वंशशास्त्राचा मुलामा चढवला. १८५७ नंतर, आणि विशेषतः लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना (१८८५ ते १८९३), भारतातील काही समाज जन्मतः लढवय्ये आणि काही नालायक, असा सिद्धान्त सैन्यभरतीत रूढ झाला. उत्तरेकडचे उंच, उजळ वर्णाचे समाज वर गेले आणि दक्षिणेकडचे खाली. जट शीख या यादीत अग्रभागी होते. मजहबींना मुख्यतः पायोनियर पलटणींत, म्हणजे रस्ते, खंदक आणि पूल बांधण्याच्या कामात, घेतले जाई. महाराष्ट्रात याच धोरणाचा फटका महारांना बसला. मुंबई सैन्यातील त्यांची जुनी भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली. दुसऱ्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९४१ या एकाच वर्षी महार रेजिमेंट आणि मजहबी व रामदासिया शिखांची रेजिमेंट उभी राहिली. दुसरीचे नाव १९४४ मध्ये 'शीख लाइट इन्फंट्री' झाले.

परदेशी गेलेल्या शिखांना हाच वंशविचार उलट्या बाजूने भोगावा लागला. १९०७ साली अमेरिकेतील बेलिंगहॅम येथे लाकूडगिरण्यांत काम करणाऱ्या, बहुसंख्य शीख असलेल्या हिंदी मजुरांना गोऱ्या जमावाने हाकलून दिले. १९१४ साली 'कोमागाता मारू' हे जहाज कॅनडाच्या व्हँकुव्हर बंदरातून परत पाठवण्यात आले. त्यावरील प्रवाशांत शीख बहुसंख्य होते.

या संदर्भात भगतसिंग थिंड यांचा खटला लक्षणीय आहे. थिंड हे अमृतसर जिल्ह्यातले केशधारी शीख. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यात होते. तेथील कायद्यानुसार नागरिकत्व 'मुक्त गोऱ्या व्यक्तींना' आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळत असे. थिंड यांच्या बाजूने असा युक्तिवाद झाला की ते उच्च जातीचे, शुद्ध रक्ताचे आर्य असून वंशशास्त्रानुसार कॉकेशियन ठरतात, म्हणून ते गोरे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी १९२३ रोजी तो फेटाळला. वंशशास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. जातिभेद नाकारणाऱ्या पंथातल्या माणसाला नागरिकत्वासाठी जातीचाच आधार घ्यावा लागला, आणि तोही पुरला नाही. थिंड यांना नागरिकत्व अखेर १९३६ साली, दुसऱ्या कायद्याखाली मिळाले. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण दार गोऱ्यांनाच उघडे असेल तर बाहेरचा माणूस आपण गोरेच आहोत असे सांगू पाहणार, हेही समजण्यासारखे आहे.

ब्रिटनमध्ये प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला. पगडी घालणाऱ्या शीख विद्यार्थ्याला शाळेने प्रवेश नाकारल्यावरून झालेल्या मंडला विरुद्ध डॉवेल-ली या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८३ साली शीख हा वांशिक समूह असल्याचे मान्य केले आणि वंशभेदविरोधी कायद्याचे संरक्षण त्यांना दिले. त्यामुळे 'आम्ही वंश मानत नाही' असे सांगणारा समाज कायद्याच्या दृष्टीने वांशिक समूह ठरला. या निकालाने पगडीला संरक्षण मिळाले, म्हणून शिखांनी त्याचे स्वागतच केले.

पाश्चात्त्य देशांत शीख धर्म स्वीकारणाऱ्या युरोपीय वंशाच्या व्यक्तींना पंजाबी बोलण्यात 'गोरे सिख' म्हटले जाते. १९६९ च्या सुमारास योगी भजन यांच्या प्रभावाखाली अमेरिकेत असे अनेक अनुयायी तयार झाले. हे संबोधन बहुधा कौतुकाने वापरले जाते. तरी अमृत घेऊन, केश राखून, गुरुमुखी शिकूनही माणसाची ओळख आधी त्याच्या कातडीवरूनच व्हावी, हे त्यात उघड आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ : नामदेव ते नांदेड

गुरू ग्रंथ साहिबात संत नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांत विठ्ठलाचे नाव 'बीठल' या रूपात येते. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे नामदेवांचे जन्मगाव आणि पंजाबच्या गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान हे त्यांच्या वास्तव्याचे ठिकाण मानले जाते. घुमान येथेच एप्रिल २०१५ मध्ये डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. ग्रंथातील एका पदात हीन जातीचा म्हणून देवळातून उठवून लावल्याचा आणि देऊळच भक्ताकडे वळल्याचा प्रसंग आहे. मराठी परंपरा तो औंढा नागनाथशी जोडते. मराठी भक्तीचा देव सावळा, त्याच्या सावळेपणाचे गुणगान करणारे अभंग घरोघर म्हटले जातात, आणि त्याच घरांत सून मात्र गोरी हवी असते. हा विरोधाभास मराठी आणि पंजाबी दोन्ही घरांना सारखाच लागू पडतो.

नांदेड येथे १७०८ साली गुरू गोविंदसिंगांचे देहावसान झाले. तेथील तख्त सचखंड श्री हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. सध्याची वास्तू महाराजा रणजितसिंग यांच्या काळात, १८३० च्या दशकात, उभी राहिली. त्याच सुमारास निजामाच्या चाकरीसाठी लाहोरहून आलेल्या शीख सैनिकांचे वंशज आणि त्याआधीपासून नांदेड परिसरात स्थायिक झालेली कुटुंबे यांना 'दखनी शीख' किंवा 'हजूरी शीख' म्हणतात. त्यांच्यातील अनेकांनी स्थानिक स्त्रियांशी विवाह केले. पुढच्या पिढ्या दखनी हिंदी, मराठी आणि तेलुगू बोलू लागल्या. वर्णही दख्खनच्या मातीसारखाच झाला. आरती, शस्त्रांची पूजा, दसरा आणि होला महल्ला यांच्या काही जुन्या रीती नांदेडला अजून पाळल्या जातात.

पंजाबातून नंतर आलेल्या शिखांना हे भाऊबंद अपुरे वाटले, आणि दखनी शिखांना ते लागले. आपण गुरूंच्या अखेरच्या स्थानाची सेवा पिढ्यानपिढ्या केली. ज्यांनी केश कापले ते पंजाबी आणि आपण मात्र दुय्यम, असा त्यांचा सूर असतो. बिरिंदर पाल सिंग यांनी दख्खन आणि ईशान्य भारतातील शिखांवर, तर हिमाद्री बॅनर्जी यांनी पूर्व भारतातील 'इतर' शिखांवर लिहून हा प्रश्न अभ्यासाच्या कक्षेत आणला. अशा समूहांबाबत थेट रंगावरून कोणी बोलत नाही. भाषा, उच्चार, पगडी बांधण्याची तऱ्हा, रोटीबेटी यांवरून बोलले जाते. रंग या सगळ्यांच्या मागे उभा असतो.

सिकलीगर शिखांची स्थिती याहून बिकट आहे. शस्त्रांना धार लावणे आणि ती घडवणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. गुरूंच्या फौजेसाठी शस्त्रे घडवल्याचा मान परंपरा त्यांना देते. शस्त्रांचा काळ संपल्यावर घमेली, कढया, कुलपांच्या किल्ल्या अशा लोखंडी कामांवर त्यांनी पोट भरले. महाराष्ट्राच्या अनेक शहरांत त्यांच्या वस्त्या आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित होता. त्याला अपवाद म्हणून पंजाबातील मजहबी, रामदासिया, कबीरपंथी आणि सिकलीगर या चार शीख जातींचा समावेश झाला होता. १९५६ मध्ये तो दर्जा सर्व शीख दलितांना खुला झाला. समतेचा धर्म स्वीकारूनही जातीचे चटके संपले नव्हते, हे राज्यसंस्थेने अशा रीतीने मान्य केले.

१९३६ आणि खालसा महाविद्यालय

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवला येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. नंतरच्या काही महिन्यांत ज्या धर्मांचा विचार झाला त्यांत शीख धर्म अग्रक्रमाने होता. एप्रिल १९३६ मध्ये आंबेडकर अमृतसर येथील शीख परिषदेला उपस्थित राहिले. मे महिन्याच्या अखेरीस दादर येथे भरलेल्या मुंबई इलाखा महार परिषदेत त्यांनी धर्मांतराची भूमिका मांडली. जूनमध्ये हिंदू महासभेचे डॉ. बा. शि. मुंजे यांच्याशी शीख धर्माच्या पर्यायावर त्यांची बोलणी झाली. काही अनुयायांना शीख धर्माच्या अभ्यासासाठी अमृतसरला धाडण्यात आले.

याच वातावरणात शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९३७ साली माटुंग्याला खालसा महाविद्यालय सुरू केले. आज ते गुरू नानक खालसा महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. त्याच्या उभारणीमागे आंबेडकरांची प्रेरणा होती असे सांगितले जाते. धर्मांतर मात्र झाले नाही. कारणांविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पुणे करारानुसार मिळालेल्या राखीव जागा पंजाबबाहेर शीख झालेल्यांना मिळतील का, हा प्रश्न होता. काही शीख नेत्यांना इतक्या मोठ्या संख्येने येणाऱ्या नव्या शिखांची धास्ती वाटली असेही म्हटले जाते. मजहबींची पंजाबातील अवस्था तर समोर होतीच. कारण कोणतेही असो, लाखो मराठी भाषक शीख झाले असते तर 'शीख दिसतो कसा' या प्रश्नाचे उत्तरच बदलले असते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. माटुंग्याचे महाविद्यालय राहिले, आणि तेथे मध्य व हार्बर मार्गांवरील उपनगरांतून सर्व जातिधर्मांची मुले शिकत आली.

मुंबई उपनगरे

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २,२३,२४७ शीख आहेत; राज्याच्या लोकसंख्येच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे ०.२ टक्के भरते. मुंबईतील शीख वस्तीला खरा आकार फाळणीने दिला. रावळपिंडी, पोठोहार, लाहोरकडून आलेली निर्वासित कुटुंबे शीव कोळीवाडा, चेंबूर, मुलुंड अशा ठिकाणच्या छावण्यांत आणि वसाहतींत स्थिरावली. शीव कोळीवाड्याच्या रेल्वेस्थानकाचे नाव पुढे 'गुरू तेगबहादूर नगर' झाले. तेथून वस्ती उपनगरांत पसरली. मुलुंड कॉलनी, घाटकोपरचे पंतनगर, अंधेरीतील चार बंगला या परिसरांत गुरुद्वारे उभे राहिले. टॅक्सी, मालवाहतूक, मोटारींचे सुटे भाग, लाकूडकाम, हॉटेल आणि चित्रपट हे मुख्य व्यवसाय.

उपनगरातल्या गुरुद्वाऱ्यात गुरुपुरबाच्या दिवशी गेल्यास लंगरच्या पंगतीत सिंधी, मराठी, उत्तर भारतीय, पंजाबी आणि जवळच्या झोपडवस्तीतली मुले शेजारीशेजारी बसलेली आढळतात. ताटात पडणारी डाळ सर्वांना सारखी असते आणि कोणी नाव विचारत नाही. शीख समाजाच्या समतेचा हा पुरावा खराच आहे. त्याला दिखावा म्हणणे अन्यायाचे होईल. फरक सुरू होतो तो गुरुद्वाऱ्याबाहेर. निर्वासित छावणीत खत्री, अरोडा, जट आणि रामगढिया एकाच नळावर पाणी भरत. परिस्थिती सुधारून घरे झाली तशी स्थळे पुन्हा आपापल्या बिरादरीत पाहिली जाऊ लागली. पंजाबात ज्या भेदाला जमिनीचा आधार होता, त्याला मुंबईत जमीन उरली नव्हती. भेद राहिला तो लग्नापुरता. लग्नात पोटजातीबरोबरच रंगही पाहिला जातो. केशधारी की मोना, परदेशात नातेवाईक आहेत का, मुलगी 'साफ रंगाची' आहे का, हे प्रश्न एका दमात विचारले जातात. यात स्त्रीपुरुषभेदही आहेच : मुलाच्या बाबतीत उंची आणि मिळकत, मुलीच्या बाबतीत रंग.

याउलट आजूबाजूच्या मराठी समाजाला सगळे शीख एकच दिसतात. लोकलमधल्या प्रवाशाला खत्री आणि मजहबी यांतला फरक ठाऊक नसतो. त्याच्या लेखी सगळेच 'सरदारजी'. त्या संबोधनात जिव्हाळा असतो आणि पुष्कळदा चेष्टाही असते. अंधेरी-गोरेगावच्या चित्रीकरणगृहांतून बाहेर पडलेल्या हिंदी चित्रपटांनी या प्रतिमेला हातभार लावला. पंजाबी घर म्हणजे गोरी, धट्टीकट्टी, हसरी माणसे, आणि शीख पात्र म्हणजे एक तर शूर सैनिक नाही तर विनोदी शेजारी. सावळा, मराठी बोलणारा, कुलपाची किल्ली करून देणारा शीख पडद्यावर क्वचितच येतो, जरी तो उपनगराच्या बाजारात बसलेला असतो.

गोरेपणाची बाजारपेठ

गोरेपणाच्या ओढीला व्यापाराने दिलेले बळ समजून घेण्यासाठी उपनगराबाहेर जावे लागत नाही. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या क्रीमची उत्पादक हिंदुस्तान युनिलिव्हर हिचे मुख्यालय अंधेरी पूर्वेला चकाल्यात आहे. सावळी मुलगी क्रीम लावून उजळते आणि मग तिला नोकरी वा नवरा मिळतो, असा जाहिरातींचा साचा अनेक वर्षे चालला. जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये सावळ्या व्यक्तींना कमी लेखणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर अमेरिकेत वर्णद्वेषविरोधी आंदोलन पेटले आणि त्याची धग भारतापर्यंत पोहोचली. जुलै २०२० मध्ये क्रीमचे नाव 'ग्लो अँड लव्हली' झाले. डबी आणि गिऱ्हाईक तेच राहिले.

त्याच वर्षी जूनमध्ये शादी डॉट कॉम या मुंबईतील विवाहसंस्थळाने उत्तर अमेरिकेतील दक्षिण आशियाई सभासदांच्या तक्रारीनंतर त्वचेच्या रंगानुसार स्थळे वेगळी करण्याची सोय काढून टाकली. या संस्थळावर शीख स्थळांसाठी वेगळा विभाग आहे. जट, खत्री, अरोडा, रामगढिया अशा पोटजातींनुसार आणि मातृभाषेनुसार स्थळे निवडण्याची सोय मात्र तेथे कायम राहिली.